अळीची थुंकी आणि हरभऱ्याची आंब

थंडीत भल्या पहाटे हरभऱ्याच्या रानातून चालत गेलात तर पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो आणि पायाला कुठे खरचटलेलं असेल तर तिथे चुरचुरायला लागतं, ते काही नुसत्या दवामुळे नाही. हरभऱ्याची पानं, देठं, घाटे सगळ्यांवर बारीक लव असते आणि त्यातल्या बऱ्याच केसांच्या टोकाला एक चिमुकला थेंब असतो. चाखून बघा, चांगलाच आंबट लागतो. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन ॲसिडं असतात. हीच आपली आंब. जुनी माणसं पिकावर स्वच्छ धोतर पसरून ठेवायची, दवाबरोबर आंब त्यात उतरली की सकाळी पिळून बाटलीत भरायची आणि पोटदुखीला, अजीर्णाला वर्षभर घोट घोट वापरायची. आता किती जण एवढा खटाटोप करतात देव जाणे.

पण हरभरा ती आंब काही आपल्या अजीर्णासाठी तयार करत नाही. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिथे नव्वदच्या दशकात यावर बरंच काम झालं, आणि दिसलं असं की ऑक्झॅलिक ॲसिड पोटात गेलं की घाटेअळीची वाढ मंदावते. म्हणजे ते पिकाचं हत्यार आहे. आता कुणीही शेतकरी विचारेल की हत्यार आहे तर मग दरवर्षी अळी पडते कशी, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. घाट्याला गोल भोक पाडून, डोकं आत आणि मागचं अर्धं अंग बाहेर लोंबत ठेवून आरामात दाणे खात बसलेली अळी ज्याने बघितलीय त्याला आंबेचं कौतुक सांगून उपयोग नाही. आंब ही कायम तैनात असलेली गोष्ट आहे, कोणी आलं काय न आलं काय, ती असणारच. खरी मजा पुढे आहे, अळीने पहिला घास घेतल्यानंतर.

कारण झाडाला त्या क्षणी एक गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे हे पान फाटलं कशाने. वाऱ्याने फाटतं, गारपिटीने फाटतं, शेळी ओरबाडते, बाया भाजीसाठी शेंडे खुडतात. प्रत्येक वेळी संरक्षणाची सगळी यंत्रणा चालू केली तर झाड उपाशी मरेल, कारण ही केमिकलं बनवायला साखर लागते, नायट्रोजन लागतो आणि तो सगळा दाण्यातून वजा होतो. मिशिगनमधल्या एका टीमने २०१८ मध्ये हे फार छान दाखवलं. झाडात जॅझ नावाची प्रोटीनं असतात, ती संरक्षणाच्या जीन्सना ब्रेक लावून ठेवतात. त्यांनी मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस नावाच्या रोपात (लॅबमधला उंदीर समजा, सगळे प्रयोग बिचाऱ्यावरच) यातली दहा जॅझ प्रोटीनं काढून टाकली. रोप किड्यांसमोर एकदम भक्कम झालं पण वाढ खुंटली आणि बीही धड धरेना. सतत लढाईच्या तयारीत राहणं परवडत नाही, झाडालाही.

मग ओळखायचं कसं? उत्तर आहे थुंकी.

अळी पान खाते तेव्हा तिच्या तोंडातला आणि पोटातून वर आलेला रस पानाच्या फाटलेल्या कडेला लागतो. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथल्या अमेरिकन कृषी खात्याच्या लॅबमध्ये लोकांनी मक्याच्या रोपांवर प्रयोग केले होते, पान नुसतं ब्लेडने खरवडलं तर मका थोडाफार गडबडतो, पण त्याच जखमेवर अळीची थुंकी लावली तर मका वेगळंच वागतो, खास वासाची केमिकलं हवेत सोडायला लागतो. थुंकीतलं नेमकं काय काम करतं ते शोधायला वेळ लागला आणि १९९७ मध्ये ते सापडलं, त्याला नाव दिलं व्होलिसिटिन. यातली गंमत म्हणजे व्होलिसिटिनचा एक तुकडा, लिनोलेनिक ॲसिड, मक्याच्याच पानातला असतो, आणि अळी त्याला आपल्याकडचं ग्लुटामिन हे अमिनो ॲसिड जोडते. थोडक्यात झाडाचाच माल अळीच्या अंगातून फिरून परत झाडाला लागतो आणि झाड म्हणतं, अरे, ही तर अळी.

चवळीची गोष्ट तर याहून भारी आहे. २०१८ साली कर्नाटकातून सुरू होऊन आपल्याकडे मक्यावर जी लष्करी अळी पसरली, आणि जिच्या नावाने अजूनही मका उत्पादकांच्या अंगावर काटा येतो, तीच अळी अमेरिकेत फार आधीपासून आहे. तिच्या थुंकीवर काम करताना २००६ मध्ये एक छोटंसं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा चिमुकला तुकडा, सापडलं, इन्सेप्टिन. हे कुठून आलं म्हणाल तर चवळीच्या हिरव्या पेशींमध्ये क्लोरोप्लास्ट, म्हणजे हिरवे कण, असतात, त्यात एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारं केमिकल बनवणारं एक मोठं मशीन असतं, त्या मशीनचा एक भाग अळीच्या पोटात गेला की तिथले पाचक रस त्याचे तुकडे करतात आणि त्यातला एक ठराविक तुकडा म्हणजे इन्सेप्टिन. अळी पुढचा घास घेताना तो तुकडा पानाला लागतो. चवळी हा तुकडा अगदी अचूक ओळखते. ब्लेडने पान कापलं तर हा तुकडा तयारच होत नाही, तो तयार व्हायला अळीचं पोट लागतं, त्यामुळे चूक व्हायची शक्यता फार कमी. २०२० मध्ये चवळीतला तो रिसेप्टरही सापडला, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या अंगाला बसून इन्सेप्टिनची वाट बघणारं प्रोटीन. त्याचं जीन तंबाखूत घातलं, आणि तंबाखूला एरवी इन्सेप्टिन कळत नाही बरं का, तर ती तंबाखूही ओळखायला लागली आणि तिच्यावर पोसलेल्या अळ्यांची वाढ कमी झाली. माझ्या मते या सगळ्या विषयात इतका सुंदर शोध दुसरा नाही.

अळीही काही गप्प बसणारी नाही. आपल्या घाटेअळीची अमेरिकन सख्खी बहीण आहे, तिच्या थुंकीत ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते तंबाखूला निकोटिन वाढवूच देत नाही, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे एकाच थुंकीत स्वतःची ओळख देणारी केमिकलंही आहेत आणि झाडाला गप्प करणारीही, आणि कोण जिंकणार ते झाड कुठलं आणि अळी कुठली यावर ठरतं. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्याने तर हे काम बॅक्टेरियांना आउटसोर्स केलंय. त्याच्या थुंकीतले बॅक्टेरिया झाडाला असं भासवतात की हल्ला किड्याचा नाही, रोगाचा आहे, मग झाड रोगाविरुद्धची यंत्रणा चालू करतं आणि किड्यांविरुद्धची मागे पडते.

थुंकीशिवाय आणखी एक खूण असते, कंपनं. मिसुरी विद्यापीठातल्या हायडी ॲपेल आणि रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी २०१४ मध्ये कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीच्या चावण्याची कंपनं लेझरने मोजली, मग अळी न ठेवता फक्त तीच कंपनं रोपाच्या पानाला दिली. नंतर खरोखरच्या अळ्या सोडल्यावर या रोपांनी मोहरीवर्गातली तिखट केमिकलं जास्त बनवली. वाऱ्याची कंपनं देऊन बघितली, तुडतुड्यासारख्या एका किड्याच्या गाण्याची देऊन बघितली, त्यावर रोप ढिम्म. आता याचा अर्थ झाडांना भीमसेन ऐकवले की उत्पन्न वाढतं असा काढून व्हॉट्सॲपवर फिरवू नका प्लीज. रोपाला कान नाहीत, पान थरथरतंय कसं एवढंच त्याला कळतं.

बरं, एका पानाला कळलं, बाकीच्या झाडाला कसं कळवायचं? इथे २०१८ चा तो फेमस व्हिडिओ येतो, जपानचे मासात्सुगु टोयोटा आणि विस्कॉन्सिनचे सायमन गिलरॉय यांच्या टीमचा. त्यांनी रोपात असं प्रोटीन घातलं होतं की पेशीत कॅल्शियम वाढलं की ते चमकतं. व्हिडिओत अळी पान कुरतडतेय, कुरतडता कुरतडता पान देठापासून तुटतं, आणि त्या जागेपासून उजेडाची एक लाट निघते, देठातून खोडात, खोडातून लांबच्या दुसऱ्या पानात. वेग सेकंदाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे एक-दोन मिनिटांत बातमी रोपभर. ही लाट सुरू होते ती फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या ग्लुटामेटमुळे. हो, चायनीजच्या गाडीवरच्या आजिनोमोटोतलं तेच ग्लुटामेट. आपल्या मेंदूतही एका पेशीकडून दुसरीकडे निरोप न्यायला ग्लुटामेट वापरलं जातं, आणि झाडातले जे रिसेप्टर ते पकडतात ते आपल्या मेंदूतल्या रिसेप्टरांशी बरेच मिळतेजुळते आहेत. झाडाला मेंदू नाही, नसा नाहीत, वेदना होतात असंही यातून कुठे सिद्ध होत नाही, पण कच्चा माल तोच. जगदीशचंद्र बोस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लाजाळूत विजेचे संदेश मोजत होते तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. त्याच लाजाळूवर टोयोटांच्या लॅबने २०२२ मध्ये दाखवलं की पानं मिटणं हा खरोखरच किड्यांपासून बचाव आहे, जीन एडिट करून पानं न मिटणारी लाजाळू तयार केली तर नाकतोड्यांनी तिची पानं जास्त खाल्ली.

कॅल्शियमची लाट पोचली की त्या त्या पानात जास्मोनिक ॲसिड नावाचं झाडाचं हार्मोन तयार व्हायला लागतं. याचंच एक रूप, मिथाइल जास्मोनेट, पहिल्यांदा १९६२ मध्ये जाईच्या अत्तरातून वेगळं काढलं गेलं, तेव्हा परफ्यूमवाल्यांना ते फक्त सुगंधासाठी हवं होतं. मोगऱ्या-जाईच्या वासातला हा घटक जवळपास सगळ्या झाडांमध्ये धोक्याची घंटा म्हणून वापरला जातो हे कळायला पुढे अठ्ठावीस वर्षं लागली. वर जॅझचे ब्रेक म्हटले ना, ते ब्रेक काढायचं काम जास्मोनेटचं. ब्रेक निघाले की शेकडो जीन्स एकदम चालू होतात.

आणि मग काय बनतं? विष, असं पटकन वाटतं, पण सगळ्यात बेरकी उत्तर वेगळंच आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात क्लॅरेन्स रायन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने दाखवलं की बटाट्याच्या किंवा टोमॅटोच्या एका पानाला भुंगेऱ्याने खाल्लं तर न खाल्लेल्या पानांमध्येही एक प्रोटीन साठायला लागतं, प्रोटिनेज इनहिबिटर. आपण किंवा अळी, पोटात प्रोटीन पचवायला ट्रिप्सिनसारखी एन्झाइमं लागतात, ती प्रोटीनच्या साखळ्या कापतात. इनहिबिटर दिसायला साखळीसारखाच दिसतो, एन्झाइम त्याला कापायला जातं आणि ओल्या लाकडात करवत अडकावी तसं तिथेच अडकून बसतं. अळी खात राहते, पोट भरलेलं असतं, पण अंगाला काही लागत नाही. त्यात ती आणखी एन्झाइमं तयार करत बसते, त्यातच तिची अमिनो ॲसिडं खर्च होतात, वाढ रखडते, आणि जितके दिवस ती छोटी राहील तितके दिवस पक्ष्यांना, गांधीलमाश्यांना सापडण्याची शक्यता जास्त. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना घातलं तर त्या नीट वाढत नाहीत यामागेही हेच एक मोठं कारण आहे, म्हणून ते आधी भाजतात किंवा उकडतात.

आता पुन्हा हरभऱ्याकडे. हरभऱ्यातही असे इनहिबिटर आहेत, मग घाटेअळीचं काही बिघडत का नाही? यावर पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, विद्या गुप्ता, अशोक गिरी, प्रभाकर रांजेकर आणि मंडळींनी काम केलं. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं ते वाचून अळीला सलाम करावासा वाटतो, घाटेअळीच्या पोटातली एन्झाइमं हरभऱ्याचे इनहिबिटरच चिरफाड करून निकामी करतात. पिढ्यानपिढ्या हरभरा खाऊन तिला त्याची सगळी हत्यारं पाठ झालीत. मग यांनी विचार केला की जे पीक अळी सहसा खात नाही त्याचे इनहिबिटर वापरून बघू. चौधारी घेवडा, कारलं, मिरची, असे बरेच तपासले, आणि काहींनी अळीच्या पोटातली एन्झाइमं खरंच चांगली दाबली. पण यातही मेख होती. अळीकडे एन्झाइमचा एकच प्रकार नसतो, चिक्कार असतात, एक बंद पाडला की ती दुसरा जास्त बनवायला लागते. म्हणून १९९९ च्या पेपरात याच लॅबचं म्हणणं होतं की एकच इनहिबिटर वापरून भागणार नाही, वेगवेगळ्या झाडांचे आलटूनपालटून वापरावे लागतील. आपल्याकडे अळी एकाच औषधाला दाद देईनाशी झाली की शेतकरी औषध बदलतो, तशातलाच प्रकार, फक्त अळीच्या पोटात.

हत्यार तयार ठेवायचं पण चालवायचं मात्र वेळेवर, हे बघायला लॅबमध्ये जायची गरज नाही, स्वयंपाकघरात मोहरी आहे. मोहरीचा दाणा कोरडाच चावलात तर सुरुवातीला नुसता कडसर लागतो. तीच मोहरी थोडं पाणी घालून फेसली की झणका थेट नाकातून डोक्यात जातो. कारण दाण्यात ग्लुकोसिनोलेट नावाचं केमिकल एका ठिकाणी असतं आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या ठिकाणी, दोघांची गाठ पडायला पेशी फुटायला हवी आणि पाणी हवं. गाठ पडली की तिखट मोहरीचं तेल तयार. पानातही तेच, अळी चावली की पेशी फुटतात आणि झणका तिच्या तोंडात. फोडणीत हा झणका येत नाही कारण कडकडीत तेलात एन्झाइम जळून जातं, म्हणूनच लोणच्याला मोहरी फेसून किंवा डाळ करून घालतात, नुसती तडतडवून ती चव येत नाही. किड्यांनी यावरही तोड काढलीय. कोबी-फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग पडतो, त्याच्या अळीच्या पोटात असं एन्झाइम आहे की ते ग्लुकोसिनोलेटचा सल्फेट काढून घेतं, मग मायरोसिनेजला पकडायला काही उरतच नाही. हे २००२ मध्ये उलगडलं. वर ही पतंगाची मादी मोहरीवर्गाच्याच वासावरून अंडी घालायची जागा शोधते! ज्वारीचंही थोडं असंच, कोवळ्या ताटात ध्युरिन असतं, ते चावलं की सायनाइड सुटतं, गुराख्यांना हे चांगलं माहीत असतं आणि कोवळ्या ज्वारीत जनावर घुसू देत नाहीत.

इथवर झाड एकटं लढत होतं. आता मदत बोलावणं. मक्याच्या खास वासाचं वर म्हटलं, तो वास कशासाठी? १९९० मध्ये टेड टर्लिंग्ज, जेम्स टमलिन्सन आणि ज्यो लुईस यांनी दाखवलं की त्या वासावर एक बारीक गांधीलमाशी येते, अळीच्या अंगात अंडी घालते, पुढे अंड्यांतून निघालेली पिल्लं अळीला आतून खातात. आपल्याकडे हरभऱ्यातही कॅम्पोलेटिस नावाची अशी माशी घाटेअळीच्या लहान अळ्यांवर भरपूर काम करते, शेतात पानाला चिकटलेला राखाडी-पांढरा, काळे ठिपके असलेला छोटासा कोष दिसला तर तो बहुतेक तिचा, औषध मारायची घाई करण्याआधी असे कोष किती आहेत ते जरा बघा. एरंडाच्या पानाचा देठ जिथे पानाला मिळतो तिथे बारीक गाठी असतात, त्यातून गोड रस पाझरतो, फुलाशी त्याचा काही संबंध नाही, तो मुंग्यांसाठी पगार आहे. चवळी आणि कपाशीही असा पगार देतात.

युटाच्या वाळवंटात जंगली तंबाखूची एक जात आहे, तिच्यावर इयान बाल्डविन आणि जर्मनीतल्या येना इथल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या त्यांच्या टीमने वर्षानुवर्षं काम केलंय, आणि त्यातले किस्से संपतच नाहीत. नुकतंच गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो ना, तो जखमी पानाचा वास, सगळीच झाडं सोडतात. या तंबाखूवरची मॅंडुका अळी खायला लागली की तिची थुंकी त्या वासाच्या केमिकलचं रूप बदलते, आणि नेमक्या त्या बदललेल्या वासावर तिला खाणारा ढेकणाच्या वर्गातला एक किडा येतो. परत थुंकी! अळीच्या बाळांचा पहिला घास म्हणजे पानाच्या लवेवरचे गोड थेंब, ते खाल्ले की अंगाला आणि विष्ठेला ठराविक वास येतो आणि त्या वासावर मुंग्या त्यांना शोधून काढतात. उलट बाजूही आहे, ही अळी निकोटिन सहन करते आणि त्यातलं थोडं श्वासावाटे बाहेर सोडते, मग कोळी तिच्या जवळ येत नाहीत. हे २०१४ मध्ये दाखवणाऱ्या टीममध्ये सागर पंडित होते, जे पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आले.

पण मदतीचंही गणित सोपं नाही, आणि इथे हरभऱ्याची आंब परत आडवी येते. ट्रायकोकार्ड माहीत असतील, कार्डावर दुसऱ्या किड्याची अंडी चिकटवलेली असतात, त्यांच्या आत वाढलेल्या ट्रायकोग्रामा नावाच्या टाचणीच्या डोक्याहूनही लहान परजीवी माश्या बाहेर निघतात आणि किडीची अंडी संपवतात. उसात, मक्यात, टोमॅटोत वापरतात. हरभऱ्यात मात्र त्या फारशा चालत नाहीत, कारण एवढ्याशा जिवाला त्या आंबट चिकट लवेतून चालताच येत नाही. म्हणजे जे हत्यार अळीला थोडं त्रास देतं ते मित्राला त्याहून जास्त. म्हणून हरभऱ्यात पक्षी थांबे लावतात, ज्वारीचे दाणे मधे मधे टाकतात, चिमण्या-साळुंक्यांना आंबेचं काही वाटत नाही.

शेजारच्या झाडाला हा वास कळतो का, हा वेगळाच वादाचा विषय. १९८३ मध्ये बाल्डविन आणि जॅक शुल्ट्झ यांनी पॉप्लर आणि मेपलच्या रोपांवर तसं दाखवलं, पेपरवाल्यांनी ‘बोलणारी झाडं’ म्हणून धुमाकूळ घातला आणि मग बाकीचे शास्त्रज्ञ तुटून पडले, प्रयोगात त्रुटी काढल्या, काही वर्षं हा विषय काढणंच अवघड झालं. १९९० मध्ये रायन आणि एडवर्ड फार्मर यांनी सेजब्रश नावाच्या झुडपाच्या फांद्या टोमॅटोबरोबर बंद बरणीत ठेवल्या, सेजब्रशमधून मिथाइल जास्मोनेट उडतं, आणि कुठलाही किडा नसताना टोमॅटोत इनहिबिटर वाढले. जाईच्या अत्तरातला तो घटक इथे धोक्याची घंटा ठरला. २०२३ मध्ये टोयोटांनी तर याचाही व्हिडिओ काढला, बाटलीत अळ्या आणि पानं, त्यातली हवा पंपाने शेजारच्या रोपावर, आणि रोपाच्या पानात कॅल्शियम चमकायला लागलं, आधी पर्णरंध्रांच्या पेशींत, मग आत. आता हा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही. तरी ‘बोलणं’ मला पटत नाही. जखमी झाडाला शेजाऱ्याची काळजी असते असं कुठेच दिसलेलं नाही, वास सुटतो आणि ज्याला कळतो तो सावध होतो, एवढंच. बहुतेक तो वास आधी त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीसाठी असावा, कारण काही झाडांत वासाचा निरोप आतल्या रसापेक्षा जवळच्या रस्त्याने पोचतो.

आपण पिकं सुधारताना यातलं काय काय घालवून बसलो याचं एक पक्कं उदाहरण आहे. मक्याच्या मुळाला अळी लागली की मूळ कॅरिओफायलिन नावाचा वास मातीत सोडतं, त्यावर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, येतात आणि अळीला मारतात. २००५ मध्ये टर्लिंग्जच्या टीमने दाखवलं की युरोपातल्या वाणांमध्ये आणि मक्याच्या जंगली पूर्वजात हे आहे, पण अमेरिकेतल्या बहुतेक वाणांनी ते गमावलंय. ते जीन बंद पडलं आणि कुणाला पत्ताच नाही, कारण निवड करताना सगळे कणीस बघत होते, मुळाचा वास कोण बघणार. पुढे २००९ मध्ये ओरेगॅनोचं जीन घालून तो वास परत आणला आणि शेतात किडीचा त्रास कमी झाल्याचं दिसलं. केनियात हेच जीनला हात न लावता केलं गेलं, मूळचे भारतीय झेयाउर खान आणि ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन पिकेट यांनी मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गातलं चाऱ्याचं झाड लावलं, त्याच्या वासाने खोडकिड्याचे पतंग दूर जातात, आणि शेताच्या कडेने नेपियर गवत, पतंग तिकडे जाऊन अंडी घालतात आणि तिथे अळ्या नीट वाढत नाहीत. वर जनावरांना चाराही होतो.

कपाशीत आपल्याकडे निवड उलट बाजूने झाली, तुडतुडे लवदार पानांवर टिकत नाहीत म्हणून लव असलेले वाण निवडले गेले, पण पांढऱ्या माशीला लवदार पान अंडी घालायला आवडतं. आणि पांढऱ्या माशीचा तर कारभारच निराळा. ती चावत नाही, सुईसारखी सोंड घालून रस पिते, त्यामुळे जखमेची, थुंकीची बरीचशी बोंबाबोंब होतच नाही. २०२१ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की तिच्या अंगात एक जीन आहे जे मुळात किड्याचं नाहीच, झाडाचं आहे. झाडं फिनॉलिक ग्लुकोसाइड नावाची विषं बनवतात, आणि ती स्वतःला बाधू नयेत म्हणून निष्प्रभ करायचं एन्झाइमही ठेवतात. त्या एन्झाइमचं जीन फार पूर्वी कधीतरी झाडातून पांढऱ्या माशीत गेलं, बहुधा एखाद्या व्हायरसमार्फत, आणि तेव्हापासून ती झाडाचंच औषध वापरून झाडाचं विष पचवतेय. मग त्यांनी टोमॅटोत असा आरएनए तयार करवला की माशीने रस प्यायला की तिचं ते जीन बंद पडतं. त्या टोमॅटोवरच्या जवळपास सगळ्या पांढऱ्या माश्या मेल्या. त्याच टोमॅटोवर मावा आणि लाल कोळी सोडले तर त्यांचं काहीच बिघडलं नाही, त्यांच्याकडे ते जीन नाहीच मुळी.